फ्लोराबाईंचं ‘बाय’

फ्लोरा थळकर यांच्याविषयी लिहायला बसले की पहिल्याच ओळीला अडते. त्यांना मी काय म्हणत होते, हेच मला धड सांगता येत नाही. कॉलेजात सगळे त्यांना फ्लोरा म्हणायचे. एकोणीस वर्षांची मुलगीसुद्धा खुशाल ‘फ्लोरा, ग्लोव्हज संपले’ म्हणून ओरडायची. सदुसष्ट वर्षांच्या शिक्षिकेला नुसत्या नावानं हाक मारायला माझी पुण्याची जीभ वळेना. ‘मॅडम’ म्हटलं तर त्या मागे वळून बघायच्या, कोण मॅडम आली म्हणून. शेवटी वर्षभर मी त्यांना काहीच म्हटलं नाही. काम असलं की समोर जाऊन उभी राहायचे आणि घसा खाकरायचे. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून फ्लोराबाई होत्या.

त्यांच्या वर्गात मी गेले तीसुद्धा चुकून. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लंडनला नोकरी लागली आणि आम्ही एजवेअरला राहायला आलो. पुण्यात मी एका सहकारी बँकेत नऊ वर्षं काढली होती, म्हणून इथं अकाउंट्सचा छोटा कोर्स करावा असा विचार होता. कॉलेजच्या काउंटरवरच्या बाईनं स्क्रीनकडे बघत काहीतरी भरभर सांगितलं. अकाउंट्स भरला आहे, एवढं कळलं. पुढे तिनं दुसऱ्या एका कोर्सचं नाव घेतलं, एकच सीट उरली आहे म्हणाली, हॉस्पिटलात नोकऱ्या निघतात म्हणाली. मला ते नाव बॉटनीसारखं ऐकू आलं. हॉस्पिटलात झाडं कशाला, असा प्रश्न मनात आला, पण भरभर बोललेल्या इंग्लिशला मान डोलवायची मला तोवर सवय लागली होती. मी मान डोलवली आणि फॉर्म भरला.

रात्री जेवताना निखिलनं तो कागद वाचला. “फ्लेबॉटमी,” तो म्हणाला. “अगं, हे रक्त काढायचं शिकवतात. लॅबमध्ये सुई टोचतात ना, ते.”

“सीट एकच होती,” मी म्हटलं. 

पहिल्या दिवशी वर्गात टेबलांवर कोपरापासून तोडल्यासारखे रबरी हात मांडून ठेवले होते. आम्ही अकरा जण होतो. माझ्या शेजारी टेरी नावाचा पन्नाशीतला माणूस बसला होता. तो वीस वर्षं बस चालवत होता आणि पाठीनं साथ सोडली म्हणून इकडे आला होता. फ्लोराबाई आल्या त्या एकावर एक दोन स्वेटर घालून, हातात स्वतःची किटली घेऊन. कॉलेजच्या किटलीवर त्यांचा विश्वास नव्हता. गळ्यातल्या साखळीत सहा टोकांची चांदणी होती. ठेंगण्या, गव्हाळ, नाक धारदार. त्या कुठल्या असतील याचा मला अंदाज येईना. मग त्यांनी फळ्यावर नाव लिहिलं, आणि आडनाव वाचून मी खुर्चीत सरळ झाले. थळकर. माझी मावशी अलिबागला दिलेली आहे. थळ तिथून हाकेच्या अंतरावर.

सुट्टीत मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, घसा खाकरला आणि मराठीत म्हटलं, “तुम्ही थळच्या का?”

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मग इंग्लिशमध्ये म्हणाल्या की माफ कर, मला ती भाषा येत नाही. त्यांचं घराणं मुंबईचं, ज्यू, तिथे बेने इस्राएल म्हणतात ते. नऊ वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर इथं आल्या. मराठी तेव्हाच गेली. “दुधाच्या दातांसारखी,” त्या म्हणाल्या आणि सफरचंद खायला लागल्या. सफरचंद त्या बियांसकट खायच्या, फक्त देठ उरायचा.

इथून पुढे त्यांचं बोलणं मी मराठीत लिहिणार आहे, पण ते इंग्लिशमध्ये होतं हे ध्यानात असू द्यावं. जिथे ते मराठीत होतं तिथे तसं सांगेन. तेवढ्यासाठीच तर हे लिहिते आहे.

त्यांचं शिकवणं मला पहिले दोन महिने कळलंच नाही. आज एक सांगायच्या, उद्या त्याच्या उलट. सोमवारी म्हणायच्या, सुई टोचताना पेशंटशी बोलत राहा. बुधवारी कुणी बोलायला लागलं की म्हणायच्या, किती बडबड करतोस, त्याला श्वास घेऊ दे. मी वहीत दोन्ही लिहून घ्यायचे आणि घरी जाऊन दोन्ही वाचायचे. एकदा टेरीनं धीर करून विचारलं की नक्की काय करायचं. “परवा तो हात वेगळा होता,” त्या म्हणाल्या, आणि पुढे काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

डोळ्यांवर त्यांचा राग होता. शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटानं शोधायची, हा त्यांचा हट्ट. पर्समधला निळा रुमाल काढून त्या आमचे डोळे बांधायच्या आणि रबरी हात पुढे सरकवायच्या. ते जमलं की एकमेकांचे खरे हात. “शिरा लाजाळू असतात,” त्या म्हणायच्या. “टक लावून पाहू नका. जवळ बसा, थांबा. येते ती.” माझी शीर टेरीला तीन आठवडे सापडली नाही. मला त्याची सापडायची, पण माझा स्वतःवर विश्वास बसायचा नाही. डोळ्यांवरचा रुमाल वर करून मी चोरून बघायचे. त्या पाठीमागून माझं डोकं हळूच खाली दाबायच्या.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. एकदा एजवेअरच्या बाजारात मी कोथिंबीर घेत होते. त्या समोरून आल्या. मी हसले, तर त्या अनोळखी बाईकडे पाहतात तशा पाहत राहिल्या. मग माझ्या बाह्या वर केलेल्या हातांकडे त्यांची नजर गेली. “अरे, डावा हात,” त्या म्हणाल्या. “उजव्यात काही दम नाही, डाव्यात आहे. अनघा.” आणि मग कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून त्यांनी मला त्यातली एक निवडून दिली.

एक गोष्ट मात्र त्या कधीही उलटसुलट सांगत नसत. पेशंट खुर्चीत बसला की त्याला नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, आणि ती त्याच्या तोंडून येऊ द्यायची. तुम्ही अमुकच ना, असं कधीही म्हणायचं नाही. “दमलेला माणूस कशालाही हो म्हणतो,” त्या म्हणायच्या. “तुम्ही त्याला राणी म्हणालात तरी हो म्हणेल.” नळीवरचं लेबल रक्त काढल्यावरच, त्याच्यासमोर लिहायचं. हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की मला ते झोपेतही सांगता आलं असतं.

तीन महिन्यांनी आम्हाला प्रॅक्टिसला एका हॉस्पिटलच्या रक्त-तपासणी विभागात पाठवलं. फ्लोराबाई आठवड्यातले तीन दिवस स्वतः तिथे काम करायच्या आणि आमच्यातल्या चौघांवर देखरेखही त्याच करायच्या. प्रत्येकाच्या वहीत शंभर यशस्वी नोंदी हव्या होत्या, प्रत्येकीखाली देखरेख करणाऱ्याची सही. त्याशिवाय सर्टिफिकेट नाही.

त्यांना खऱ्या माणसाचं रक्त काढताना मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. या देशात सुई टोचण्याआधी सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘शार्प स्क्रॅच’. फ्लोराबाई ते म्हणत नसत. दुखेल, पण फार वेळ नाही, असं सरळ सांगायच्या. मग डोळे अर्धवट मिटून बोटानं शीर चाचपायच्या, आणि सुई आत जात असताना काहीतरी पुटपुटायच्या. समोर एक आडदांड पोलिश माणूस बसला होता. हातावर सिमेंटचे डाग, आणि घामानं नुसता डबडबलेला. मी ट्रे धरून शेजारी उभी होते. मला ऐकू आलं ते असं:

“झालं गो बाय, झालं. सोस थोडं.”

मला वाटलं माझे कान वाजले. मावशीच्या सासूबाई आम्हा मुलींना अगदी असंच म्हणायच्या. पण फ्लोराबाईंनी तर सुई धरली होती आणि समोर बसला होता तो सव्वासहा फुटी गवंडी. त्यातलं त्याला एकच समजलं, ते म्हणजे ‘बाय’. जायला सांगताहेत असं वाटून त्यानंही ‘बाय’ म्हटलं आणि तो उठायला लागला. सुई अजून त्याच्या शिरेत होती. फ्लोराबाईंनी कोपरानं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. मागच्या खुर्चीवरची नर्स हसली. तिथल्या लोकांना हे नेहमीचं होतं. फ्लोरा निरोप फार लवकर घेते, असं ते म्हणायचे.

तो गेल्यावर मी विचारलं, “तुम्ही आत्ता मराठी बोललात?”

“मी? नाही,” त्या म्हणाल्या. “मी बाय म्हणते. रीत आहे ती.”

“पण त्याआधी...”

“त्याआधी मी श्वास सोडते. पुढचा पेशंट बोलाव.”

त्या चिडल्या नव्हत्या, काही लपवतही असाव्यात असं वाटलं नाही. मी घरी आल्यावर निखिलला सांगितलं. तो म्हणाला, तुला मराठीची आठवण येते म्हणून तसं ऐकू येतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सोमाली आजी असो, सूट घातलेला बँकेतला साहेब असो, सुई आत जाताना सगळे ‘बाय’. ‘गो’ कोकणातला, ‘सोस’ कोकणातला. एक शब्दही इकडचा तिकडे नाही. भाषा येत नाही म्हणणारी बाई ती इतकी स्वच्छ बोलते कशी, आणि आपण बोललो हे तिला ठाऊक कसं नाही? की ठाऊक आहे आणि मला सांगायचं नाही? मी पुन्हा विचारलं नाही. पण त्यांच्या शेजारी उभं राहून ट्रे धरायचं काम मी टेरीकडून मागून घ्यायला लागले.

माझ्या वहीत एकसष्ट नोंदी झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. गुरुवार होता आणि गर्दी फार होती. मी नाव पुकारलं, “मिस्टर के. शहा.” कानात यंत्र घातलेले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले आणि खुर्चीत बसले. बाहेर लोक ताटकळले होते. समोरच्या कागदावर किर्तीलाल शहा असं नाव होतं. मी ते वाचलं, “मिस्टर किर्तीलाल शहा?” त्यांनी मान डोलवली. मी जन्मतारीख वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा मान डोलवली. शीर पहिल्या फटक्यात सापडली. नळी भरली, लेबल लावलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. खोक्यातल्या बाकीच्या नळ्यांबरोबर ती लॅबच्या गाडीतून गेली.

दीड तासानं बाहेर एक दुसरे गृहस्थ काउंटरशी येऊन म्हणाले, माझा नंबर अजून आला नाही. त्यांचं नाव किर्तीलाल शहा. मी ज्यांचं रक्त घेतलं ते होते कांतीलाल शहा.

किर्तीलाल रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होते. त्या नळीतल्या रक्तावरून त्यांचा डोस ठरणार होता. दुसऱ्याच माणसाच्या रक्तावरून. मी फ्लोराबाईंना कोपऱ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यापुढे मी काय केलं ते लिहायला आजही लाज वाटते. मी मराठीत बोलायला लागले. कधी लागले ते मलाच कळलं नाही. “मी किर्तीलाल काकांचं आत्ता परत घेते, गपचूप पाठवून देते. कुणाला कळायचं नाही. माझं वर्ष जाईल हो. तुम्ही आपल्या आहात म्हणून सांगते.”

त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. त्यांना सगळं समजलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग इंग्लिशमध्ये एवढंच म्हणाल्या, “नाही.”

त्यांनी लॅबला फोन लावला आणि ती नळी थांबवली. किर्तीलालना आत बोलावून जे झालं ते सांगितलं, माफी मागितली आणि रक्त स्वतः घेतलं. चूक नोंदवायचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. त्यात मी लिहिलं, ‘नावात गोंधळ झाला.’ त्यांनी ते खोडलं. “गोंधळ आपोआप होत नाही. काय केलंस ते लिही.” मी लिहिलं, ‘मी विचारलं नाही. मी वाचून दाखवलं.’ “हं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःसाठी दुसरा फॉर्म घेतला आणि माझ्याकडे पाठ करून भरला.

कांतीलाल शहांचं रक्त पुन्हा घ्यायला हवं होतं आणि त्यांना परत बोलावणं फ्लोराबाईंना पटेना. आमच्या विभागाला पेशंटच्या घरी जाऊन रक्त घ्यायची मुभा होती. साहेबांना सांगून त्या मला घेऊन बसनं निघाल्या.

दार शहांच्या बायकोनं उघडलं. सत्तरीच्या, केसांचा अंबाडा घातलेल्या, हात पिठाचे. त्यांनी आम्हाला बसवलं आणि चहा ठेवला. फ्लोराबाईंनी चहाच्या आधी सगळं सांगून टाकलं आणि माझ्याकडे वळल्या. मी कांतीलाल काकांची माफी मागितली. काका हसायला लागले. “मला ऐकू आलं नव्हतं,” ते इंग्लिशमध्ये म्हणाले. “पण तुम्ही इतक्या काळजीत दिसलात की मी म्हटलं, हो म्हणावं.” फ्लोराबाई हसल्या नाहीत. त्यांनी काकांना नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि काकांनी ती शाळेतल्या मुलासारखी मोठ्यानं सांगितली. मग त्यांनी पट्टा बांधला, डोळे अर्धवट मिटले, आणि सुई आत गेली.

“झालं गो बाय, झालं. सोस थोडं.”

काकांनी मान वर केली. यंत्राच्या बाजूनं त्या बसल्या होत्या, त्यामुळे त्यांना नीट ऐकू आलं होतं. ते मराठीत म्हणाले, “तुम्ही कुलाबा जिल्ह्यातल्या काय हो? अलिबाग? मी गिरगावात वाढलो. आमच्या चाळीत अलिबागच्या बायका असंच बोलायच्या.”

फ्लोराबाईंचा हात हलला नाही. नळी भरेपर्यंत त्या थांबल्या. सुई काढली, कापूस दाबला. मग मराठीत, अडखळत, एकेक शब्द शोधून काढल्यासारख्या म्हणाल्या, “मी नाही. आई. आई होती.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नळीवर लेबल लिहीत होत्या.

परतीच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसल्या. मी शेजारी. दोन-तीन स्टॉप गेल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या, समोरच्या काचेतून बाहेर बघत. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या आईला रक्ताचा आजार झाला. आईला इंग्लिश येत नव्हतं आणि वडील कामावर, म्हणून दर आठवड्याला शाळा बुडवून या आईबरोबर हॉस्पिटलात जायच्या. दहा वर्षांची मुलगी. डॉक्टरांचं आईला सांगायचं, आईचं डॉक्टरांना. आईच्या शिरा सापडायच्या नाहीत. पाच-पाच, सहा-सहा वेळा टोचायचे. मुलगी पलंगाची दांडी धरून उभी राहायची आणि रडायची.

“टोचायचे तिला,” त्या म्हणाल्या. “आणि ती मला म्हणायची.”

काय म्हणायची ते त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. मग विचारलं, “मी ते रोज म्हणते? सगळ्यांना?”

“हो,” मी म्हटलं.

“मोठ्यानं?”

“ऐकू येतं.”

त्यांनी पर्समधली पेपरमिंटची गोळी काढली, मला एक दिली. माझा स्टॉप आला तेव्हा त्या उठल्या नाहीत. मला उतरायचं आहे असं दोनदा सांगितल्यावर त्यांनी पाय बाजूला घेतले. मी उतरले आणि त्या तशाच पुढे गेल्या. त्यांचाही स्टॉप तोच होता.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझी वही मागवली आणि एकसष्ट नोंदींवर एकच लांब रेघ ओढली. पुन्हा एकपासून. कोर्समधून काढून टाकलं नाही हेच मला खूप वाटत होतं, आणि का काढलं नाही ते कळत नव्हतं.

ते टेरीनं सांगितलं. कॅन्टीनमध्ये चहा घेताना तो म्हणाला, फ्लोराला तीन महिने देखरेखीच्या कामावरून दूर ठेवलंय, ठाऊक आहे ना? मला ठाऊक नव्हतं. तिनं आपल्या फॉर्मवर लिहिलं की त्या वेळी ती खोलीत नव्हती. नळ्या संपल्या म्हणून स्टोअरमध्ये गेली होती, आणि शिकाऊ मुलीला एकटं सोडणं ही चूक तिची. म्हणून तुझ्यावरचं निभावलं.

मी चहा तसाच ठेवून उठले. कारण मला पक्कं आठवत होतं की त्या माझ्या पाठीमागेच उभ्या होत्या. पेपरमिंटची गोळी दाढेखाली फोडल्याचा आवाज मी ऐकला होता. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि घसाही न खाकरता विचारलं, “तुम्ही खोटं लिहिलंत का?”

“मी नळ्या आणायला गेले होते,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही माझ्या मागे होतात.”

“तू हाताकडे बघत होतीस. मी कुठे होते ते तुला काय दिसणार?”

मी मागे जाऊन पुन्हा पुन्हा आठवलं. सकाळी निळ्या झाकणाच्या नळ्या खरंच संपत आल्या होत्या. दुपारी तिथे भरलेलं खोकं होतं. म्हणजे त्या कधीतरी गेल्या होत्या. पण त्याच वेळी? गोळीचा आवाज आधीच्या पेशंटच्या वेळचा असेल? एका चुकीसाठी माझ्या एकसष्ट नोंदी खोडून टाकणारी बाई माझ्यासाठी खोटं लिहील, हे मला पटत नाही. आणि त्या नव्हत्या हेही पटत नाही. आज चार वर्षं झाली, मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले.

आणखी एक गोष्ट झाली, आणि तिचा दोष मी कुणाला द्यावा हे मला समजत नाही. शहांच्या घरून आलो त्या दिवसापासून फ्लोराबाई सुई टोचताना गप्प झाल्या. ओठ घट्ट मिटून रक्त काढायच्या. हात तोच, शीर पहिल्याच वेळी सापडायची, पण खोली एकदम रिकामी वाटायची. नेहमीचे पेशंट विचारायचे, फ्लोराची तब्येत बरी आहे ना? एका म्हाताऱ्या इंग्रज बाईनं तर मला बाजूला घेऊन विचारलं की मी काही चुकीचं बोलले का, आता ती मला बाय म्हणत नाही. मी काय सांगणार? काकांनी विचारलं नसतं तर? बसमध्ये मी ‘नाही, ऐकू येत नाही’ म्हटलं असतं तर? पण खरं काय ते सांग, हेच तर त्यांनी मला शिकवलं होतं.

तीन महिन्यांनी त्या देखरेखीवर परत आल्या. माझ्या शंभर नोंदी पुऱ्या झाल्या त्या दिवशी त्यांनी सही केली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. “हात चांगला आहे तुझा,” त्या म्हणाल्या. मी आणखी काही ऐकायला थांबले, पण त्यांनी किटली चालू केली होती. सर्टिफिकेट पोस्टानं आलं.

पुढे निखिलची नोकरी बदलली आणि आम्ही साउथहॅम्प्टनला आलो. मला इथल्या हॉस्पिटलात काम मिळालं. फ्लोराबाईंना मी मोबाइलवर कळवलं. उत्तरादाखल एक अंगठा आला. मी आणखी दोनदा लिहिलं, तेव्हाही अंगठा. मग तोही यायचा थांबला. टेरीनं एकदा सांगितलं की त्या निवृत्त झाल्या आणि इस्राएलला बहिणीकडे गेल्या. दुसऱ्या एका मैत्रिणीनं लिहिलं, छे, ती आजारी आहे, कुणाला भेटत नाही. दोन्ही ऐकून खरं काय ते विचारायचं कुणाला हे समजलं नाही.

गेल्या जूनमध्ये सासू-सासरे भारतातून आले होते. त्यांना नॉर्वेच्या बोटीवर बसवून द्यायला मी बंदरावर गेले. टर्मिनलच्या बाहेर टॅक्सींची रांग, सुटकेसेसचे ढीग, हॅटवाल्या म्हाताऱ्यांची झुंबड. सासूबाईंचा पासपोर्ट कुठल्या पर्समध्ये आहे ते मी शोधत होते, तेवढ्यात काही अंतरावरून एक व्हीलचेअर गेली. खुर्चीत कांतीलाल शहा बसले होते, मांडीवर काठी आडवी ठेवून. त्यांच्या बाजूनं त्यांची बायको चालत होती, खांद्याला तीन पिशव्या, त्यातल्या एकीतून स्टीलचा डबा डोकावत होता. आणि खुर्ची ढकलत होत्या फ्लोराबाई. जूनच्या उन्हात दोन स्वेटर, डोळ्यांवर काळा गॉगल. बारीक झाल्या होत्या की गॉगलमुळे तसं वाटलं, सांगता येत नाही. त्या वाकून काकांच्या यंत्राच्या कानाशी सारखं काहीतरी बोलत होत्या, आणि काका मान मागे टाकून हसत होते. बोलणं कुठल्या भाषेत चाललं होतं, ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं.

मी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मारली, आणि तोंडातून निघालं ते “फ्लोराबाई.”

त्यांनी वळून पाहिलं. माझ्या दिशेला. एक हात खुर्चीच्या मुठीवरून काढून त्यांनी हवेत उंच हलवला, आणि मग ती तिघं काचेच्या दारातून आत गेली. त्यांनी मला ओळखलं, की बोटीला निरोप द्यायला आलेल्या सगळ्या गर्दीला हात केला, कोण जाणे. सासूबाई विचारत होत्या, कोण होती गं ती? मी हात वर करून तशीच उभी होते.